पाच दात काढायला सांगितले होते : हिरड्यांच्या शस्त्रक्रियेचं एक प्रकरण

रुग्ण स्त्री, वय ४८. दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू, इन्सुलिन नाही. तंबाखू कुठल्याच रूपात नाही. हिरड्यांतून रक्त येणं हे जुनंच दुखणं, पण वर्षभरात तीन नव्या गोष्टी झाल्या होत्या. वरचा उजवीकडचा पुढचा दात बाहेर सरकून मधे फट पडली होती. वरची डावी शेवटची दाढ जिभेनेही हलत होती. आणि उजवीकडे खाली चावताना दुखत नव्हतं, पण "जड वाटतं" असं त्या म्हणत होत्या. दुसऱ्या एका दवाखान्यात एक्स-रे पाहून पाच दात काढून तिथे इम्प्लांट बसवायचा सल्ला मिळाला होता. सोबत आलेल्या मुलाचं मत पक्कं होतं : "आईला परत परत त्रास नको. एकदाच काय ते काढून टाका."

त्या पाचांपैकी शेवटी एकच दात काढावा लागला. दोन ठिकाणी शस्त्रक्रिया झाली, दोन ठिकाणी मुद्दाम केली नाही. हे प्रकरण मांडतोय ते मुख्यतः या निवडीसाठी. हिरड्यांची शस्त्रक्रिया म्हटलं की लोकांना वाटतं, आजार वाढला की ऑपरेशन. प्रत्यक्षात कुठे कापायचं नाही हे ठरवण्यातच निम्मं काम असतं, आणि ते पहिल्या भेटीत ठरवता येत नाही.

पहिला नकाशा

हिरडी आणि दात यांच्यामधे निरोगी तोंडातही १ ते ३ मि.मी. खोलीची चीर असते. खुणा केलेली बारीक बोथट सळई, म्हणजे प्रोब, त्या चिरेत हलकेच घालून प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोली मोजतात. या रुग्णाच्या अक्कलदाढा पूर्वीच काढलेल्या होत्या, म्हणजे २८ दात, १६८ जागा. त्यांतल्या २३ जागी खोली ६ मि.मी. किंवा जास्त होती. प्रोब काढल्यावर ६८ टक्के जागांतून रक्त आलं. दातांच्या ७४ टक्के पृष्ठभागांवर जिवाणूंचा मऊ थर, म्हणजे प्लाक, होता.

पाच वादग्रस्त दातांचं चित्र असं होतं. वरचा पुढचा दात (११ क्रमांक) टाळूच्या बाजूने ७ मि.मी. खोल. वरची डावी दुसरी दाढ (२७) तिन्ही दिशांनी हलत होती, म्हणजे चावताना खाली-वरही होत होती. तिच्या मुळांच्या दुबेळक्यातून प्रोब आरपार जात होता. तिच्या पुढची पहिली दाढ (२६) मागच्या बाजूने ७ मि.मी. आणि दुबेळक्यात प्रोब अर्धवट शिरत होता. खालची उजवी पहिली दाढ (४६) पुढच्या बाजूच्या दोन जागी ९ मि.मी.पर्यंत, पण बाकी चारही जागी ३-४ मि.मी.च. आणि खालच्या डाव्या दोन दाढांमधे (३६ आणि ३७) ७ मि.मी.ची सलग खोली. त्यातली ३७ काढण्याच्या यादीत होती.

४६ चा एक्स-रे मी दोनदा पाहिला. दाढेच्या पुढच्या मुळालगत हाड खाली सरळ खोल उतरलं होतं, पण शेजारच्या उपदाढेला चिकटलेलं हाड जवळजवळ जागेवर होतं. हाड सगळीकडून सारखं खचणं आणि एकाच मुळालगत खड्डा पडणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी दिसायला जास्त भयानक, पण उपचाराच्या दृष्टीने अनेकदा जास्त आशेची. असा एकाकी खोल खड्डा कधीकधी दाताच्या आतली नस मेल्यानेही पडतो, म्हणून थंड लावून नस तपासली. जिवंत होती. म्हणजे दुखणं हिरडीकडूनच आलेलं होतं आणि रूट कॅनालचा प्रश्न नव्हता.

रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.६ टक्के निघाली. हिरड्यांच्या आजाराच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हे 'टप्पा ३, श्रेणी क' बसतं. टप्पा म्हणजे आजार किती वाढलाय, श्रेणी म्हणजे तो किती वेगाने वाढतोय. मधुमेहात हा आकडा ७ किंवा त्याहून जास्त असेल तर आजार जलद गतीचा धरतात. सरकलेल्या पुढच्या दातामुळे कुणी याला चौथ्या टप्प्यातही टाकेल. मी टाकलं नाही, कारण चावण्याची ठेवण ढासळलेली नव्हती, एकच दात हलला होता.

मुलाला मी त्या दिवशी एवढंच सांगितलं, की २७ काढावीच लागेल, उरलेल्या चारांबद्दल तीन महिन्यांनी बोलू. त्याला ते टाळाटाळीचं वाटलं असावं. इम्प्लांटबद्दलही स्पष्ट बोलावं लागलं. हिरड्यांच्या आजाराने ज्यांचे दात जातात, त्यांच्या इम्प्लांटभोवतीही तोच आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. दात काढला म्हणजे आजार काढला असं होत नाही. साखर तीच, जिवाणू तेच, ब्रश करणारा हातही तोच.

कापण्याआधीचे तीन महिने

दुसऱ्या भेटीत दातांना प्लाक रंगवणारं द्रावण लावून हातात आरसा दिला. गालाकडच्या बाजू बऱ्यापैकी स्वच्छ होत्या, पण खालच्या दाढांची जिभेकडची बाजू आणि दातांमधल्या जागा गडद जांभळ्या झाल्या. उजवीकडे थर सगळ्यात जाड. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिकडे ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून मी तिकडे घासतच नाही." हे उत्तर मला वारंवार ऐकू येतं. ब्रशने जखम होते म्हणून रक्त येतं असा समज असतो. खरं उलट आहे : थर साचतो म्हणून हिरडी सुजते, आणि सुजलेली हिरडी स्पर्शाने वाहते. घासणं सोडलं की थर आणखी साचतो. मी त्यांना मुद्दाम रक्त येणाऱ्या जागीच मऊ ब्रश टेकवायला लावला आणि आठ-दहा दिवस रक्त येऊ द्या, थांबू नका, असं सांगितलं. दातांच्या मधे घालायचे बारीक ब्रश दिले, पुढे लहान मापाचे आणि दाढांत मोठे. एकच माप सगळीकडे चालत नाही. ढिला ब्रश नुसता आतबाहेर होतो, काही साफ करत नाही.

त्याच वेळी मधुमेहाच्या डॉक्टरांना पत्र दिलं. त्यांनी गोळ्या बदलल्या.

मग भूल देऊन हिरडीखालची सफाई, ज्याला आम्ही डीप क्लीनिंग म्हणतो. अल्ट्रासॉनिक यंत्र आणि हाताची बाकदार हत्यारं यांनी मुळाला चिकटलेलं कीटण खरवडून काढलं. याच टप्प्यात २७ काढली. ती काढल्यावर एक फायदा झाला, जो एक्स-रेवरून ठरवणाऱ्याच्या लक्षात यायला हवा होता : २६ ची मागची बाजू उघडी पडली. दोन दाढा खेटून असतात तोवर मागच्या दुबेळक्यापाशी ना डॉक्टरचं हत्यार नीट पोचतं ना रुग्णाचा ब्रश. एक दात दिल्याने शेजारचा वाचण्याची शक्यता वाढली.

सफाईनंतर दहा आठवडे थांबलो. हिरडीची सूज उतरायला, पॉकेटच्या, म्हणजे खोल झालेल्या चिरेच्या, तळाशी ऊतक पुन्हा घट्ट व्हायला वेळ लागतो. लवकर मोजलं तर आकडे फसवतात आणि गरज नसलेल्या जागी सुरी चालते.

पुन्हा मोजलं तेव्हा २३ पैकी ६ जागाच ६ मि.मी. किंवा त्यापुढे उरल्या होत्या. रक्त १६ टक्क्यांवर, प्लाक १९ टक्क्यांवर. एचबीएवनसी ७.१. हे श्रेय हिरड्यांच्या उपचाराला देणं मला पटत नाही. हिरड्यांच्या उपचाराने तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरतो असं अभ्यासांत दिसतं. इथे दीड टक्का उतरला, म्हणजे मोठा वाटा बदललेल्या गोळ्यांचा.

आणि पुढचा दात? त्याची ७ मि.मी.ची खोली ४ वर आली होती, रक्त नव्हतं, आणि फट आपोआप निम्म्याने मिटली होती. सुजलेलं ऊतक मागून ढकलत असतं. सूज गेली की ओठाचा दाब दाताला हळूहळू परत ढकलतो. हा दात काढण्याच्या यादीत होता.

कुठे कापायचं, कुठे नाही

उरलेल्या सहा जागांपैकी दोन ४६ ला, तीन ३६-३७ ला आणि एक २६ च्या मागे. सफाई नीट होऊनही या जागा का उरल्या याचं उत्तर सोपं आहे : खोल पॉकेटमधे आपण आंधळेपणाने खरवडतो. १९८६ मध्ये काफेस आणि सहकाऱ्यांनी काढायच्या असलेल्या दातांवर हे तपासलं होतं. ६ मि.मी.पेक्षा खोल पॉकेटमधे नुसत्या सफाईने ३२ टक्के पृष्ठभाग कीटणमुक्त झाले, हिरडी उघडून केलेल्या सफाईने ५० टक्के. या आकड्यांतून शस्त्रक्रियेची बाजू दिसते तशी तिची मर्यादाही दिसते. उघड्या डोळ्यांनी साफ करूनही निम्मे पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ झाले नव्हते.

मग सगळ्याच जागा उघडून साफ का करू नयेत? कारण उथळ पॉकेटवर सुरी चालवली तर नुकसान होतं. लिंडे यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवलं, की साधारण ४.२ मि.मी.पेक्षा कमी खोलीवर फ्लॅप शस्त्रक्रिया, म्हणजे हिरडी उघडून केलेली सफाई, केली तर हिरडीची दाताशी असलेली पकड वाढण्याऐवजी घटते. नुसत्या सफाईसाठी ही सीमा २.९ मि.मी. आहे. पुढच्या दाताची ४ मि.मी. या हिशेबात बसत नाही. शिवाय तिथे हिरडी उघडली की ती आखडते, दात लांब दिसतो, दातांमधे काळे त्रिकोण पडतात. शिवाय त्याची फट अजून मिटत होती. तिथे हात लावायचा नाही, हा निर्णय पाच मिनिटांत झाला.

२६ वर जास्त वेळ गेला. मागच्या बाजूला ६ मि.मी. आणि दुबेळका अर्धा उघडा. वरच्या दाढांच्या मागच्या दुबेळक्यात हाड परत आणायचे प्रयत्न बहुतेकदा निराश करतात. जागा अडचणीची, आणि भरलेलं टिकायला भिंती नाहीत. हर्शफेल्ड आणि वॉसरमन यांनी १९७८ मध्ये सरासरी २२ वर्षं पाहिलेल्या ६०० रुग्णांचा लेखाजोखा मांडला होता. दुबेळक्यात आजार असलेल्या दातांपैकी सुमारे ३१ टक्के त्या काळात गेले. हा आकडा भीतीदायक म्हणून सांगितला जातो. मी रुग्णाला तो उलट बाजूने सांगतो : जवळजवळ ६९ टक्के टिकले, तेही बावीस वर्षं. २७ गेल्याने तिथे आता ब्रश पोचत होता. म्हणून २६ वर शस्त्रक्रिया न करता दर तीन महिन्यांनी सफाई करायची आणि लक्ष ठेवायचं असं ठरलं.

एक अट मात्र शस्त्रक्रियेआधी पूर्ण व्हावीच लागते. नायमन, लिंडे आणि रोसलिंग यांनी १९७७ मध्ये प्लाकवर ताबा नसलेल्या तोंडांत पाच वेगवेगळ्या पद्धतींच्या शस्त्रक्रिया करून पाहिल्या. पद्धत कुठलीही असो, आजार परत आला आणि पकड आणखी घटली. अशा तोंडात शस्त्रक्रिया करणं म्हणजे रुग्णाचं नुकसान करणं. या बाईंचा प्लाक १९ टक्क्यांवर आला नसता, तर मी टाके घालायचा विचारही केला नसता, मुलगा कितीही घाई करो.

४६ : हाड परत आणण्याचा प्रयत्न

१९७६ मध्ये मेल्चर यांनी एक कल्पना मांडली, जिच्यावर आजची सगळी पुनर्निर्माण शस्त्रक्रिया उभी आहे. जखमेत मुळाच्या पृष्ठभागावर कुठल्या पेशी आधी पोचतात त्यावरून काय बनणार ते ठरतं. वरच्या त्वचेच्या पेशी सगळ्यांत वेगाने सरकतात, आणि त्या आधी पोचल्या तर मुळालगत नुसतं अस्तर बनतं. हाड नाही, दाताला हाडाशी बांधणारे तंतूही नाहीत. या पेशींना थोपवून आतल्या पेशींना वेळ मिळवून द्यायचा, हा सगळा खेळ. आणि तो जमतो की नाही हे बरंचसं खड्ड्याच्या आकारावर ठरतं. तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असलेला अरुंद खड्डा म्हणजे भिंतीतला कोनाडा : ठेवलेलं टिकतं, रक्ताची गुठळी हलत नाही, आणि नव्या पेशी तिन्ही भिंतींतून येतात. हाड सपाट खचलं असेल तर ठेवायला आधारच नसतो.

खड्ड्यात काय भरायचं यावर शस्त्रक्रियेच्या आधी वेगळी चर्चा केली. बाजारातले बरेच हाडाचे कण आणि पडदे गायीच्या किंवा डुकराच्या ऊतकापासून केलेले असतात, काही मानवी दात्यांचे असतात. काही रुग्णांना हे चालत नाही, आणि ते त्यांना खुर्चीत पडल्यावर कळणं बरोबर नाही. या बाईंनी प्राणिज काही नको असं सांगितलं. म्हणून कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचे कण आणि त्यावर त्यांच्याच रक्तातून केलेला पीआरएफ, म्हणजे बिंबाणूंनी समृद्ध फायब्रिनचा पडदा, असं ठरवलं. ही पीआरएफची पद्धत २००१ मध्ये फ्रान्समध्ये शुक्रूं यांनी मांडली.

वेळ सकाळची घेतली, नाश्ता करून आणि गोळ्या घेऊनच यायला सांगितलं. मधुमेही माणसाला उपाशी बोलवायचं काही कारण नसतं. भूल फक्त जागेपुरती असते. साखर तपासली. हातातून रक्त घेऊन गोठू नये म्हणून घालायचं कुठलंही रसायन नसलेल्या नळीत ते लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. नळीत तीन थर पडतात : खाली लाल पेशी, वर पिवळसर पाणी, मधे जिलेटिनसारखी पांढुरकी गुठळी. ती गुठळी चिमट्याने उचलून दाबली, की पातळ, चिवट पडदा मिळतो.

उपदाढ आणि दाढ यांच्यामधला हिरडीचा उंचवटा अखंड ठेवून चीर दिली. तो उंचवटा फाटला तर भरलेलं सगळं उघडं पडतं, म्हणून शस्त्रक्रियेचा सगळ्यात नाजूक भाग हाच. बारीक पातं, भिंगाचा चष्मा, आणि घाई नाही. हिरडी बाजूला केल्यावर आत लालसर, पिठूळ ऊतक भरलेलं होतं. ते काढलं. खाली मुळाच्या पुढच्या बाजूला, जिथे ते किंचित आतल्या बाजूला दबलेलं असतं, तिथे कीटणाची काळी, चकचकीत कड सापडली. चार मि.मी. लांब असेल. पहिल्या सफाईत हत्यार तिच्यावरून सरकून गेलं होतं, कारण त्या दबलेल्या खाचेत सरळ पात्याचं टोक टेकत नाही. ही कड निघेपर्यंत हिरडी बरी होणार नव्हती, मग वर कितीही घासा.

खड्डा कडेपासून ५ मि.मी. खोल, तळाशी तीन भिंती, वर दोन. मूळ कोरडं करून भिंगाखाली पुन्हा पाहिलं. कण भरले, पण गच्च नाही, कारण ठासून भरलं की मधे रक्त शिरायला जागा उरत नाही. वर पडदा, मग हिरडी ताण न पडता परत जागेवर, आणि बारीक मोनोफिलामेंट धाग्याचे टाके. दाढेचा वरचा एक उंच टेका चावताना जास्त भार घेत होता, तो थोडा घासून कमी केला.

पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. त्यामागचा पुरावा फार भक्कम नाही. मधुमेह आणि भरलेले कण पाहून घेतलेली ती सावधगिरी होती. दोन आठवडे त्या बाजूला ब्रश नाही, फक्त ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या चुळा. दात तपकिरी होतील आणि चव बदलेल हे आधीच सांगितलं होतं, आणि पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास तरी चूळ भरू नका, कारण पेस्टमधला फेस आणणारा घटक तिचा परिणाम मारतो, हेही.

तिसऱ्या दिवशी सूज सर्वाधिक होती. पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला, बारीक कण तोंडात येतायत म्हणून. बोलावून पाहिलं. एक टाका सैल झाला होता, वरचे थोडे कण सुटले होते, जखम मात्र बंद होती. तसंच राहू दिलं. टाके चौदाव्या दिवशी काढले. त्यानंतर सहा महिने त्या जागी प्रोब घालायचा नाही हा नियम मी पाळतो, कुणी कितीही उत्सुक असो.

३६-३७ : साधी फ्लॅप

डावीकडे हाड सपाट खचलं होतं, कोनाडा नव्हता, म्हणून भरायचं काहीच नव्हतं. हिरडी उघडली, मुळं साफ केली, हाडाच्या दोन टोकदार कडा घासून गोल केल्या आणि हिरडी थोडी खाली बसवून टाके घातले. अँटिबायोटिक नाही. जखम सरळ भरली.

इथल्या परिणामाची किंमत मात्र रुग्णाने मोजली. पॉकेट ६-७ वरून ३-४ वर आलं, पण हिरडी २ मि.मी. खाली सरकली. मुळं उघडी पडली, गार पाणी लागलं की झिणझिण्या येऊ लागल्या, आणि दोन दाढांमधली फट मोठी झाली. "पूर्वी एवढं अडकत नव्हतं," अशी तक्रार आलीच. खोली कमी करायची तर हिरडी खाली आणायची, हा सौदा शस्त्रक्रियेआधी लेखी संमतीत होता आणि बोलण्यातही. तरी तक्रार आली तेव्हा ती खरी मानून काम केलं : फ्लोराइड वार्निश, संवेदनशील दातांची पेस्ट, आणि मोठ्या मापाचा बारीक ब्रश. दोन महिन्यांत झिणझिण्या बऱ्याच ओसरल्या. फट राहिली.

एका वर्षाने, आणि त्यानंतर

वर्षाने ४६ च्या पुढच्या बाजूची खोली ८ वरून ४ मि.मी. झाली होती (पहिल्या सफाईनंतर ती ९ ची ८ झाली होती). हिरडी १ मि.मी. सरकली, म्हणजे पकड ३ मि.मी. वाढली. 'जड वाटणं' गेलं. एक्स-रेमध्ये खड्डा भरलेला दिसतो, पण त्या चित्राला मी फार महत्त्व देत नाही. कृत्रिम कण स्वतःच एक्स-रेत पांढरे दिसतात; भरलं त्याच दिवशी फोटो काढला असता तरी खड्डा भरलेलाच दिसला असता. नवे तंतू मुळाला खरोखर जोडले गेले का, हे दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तो तर वाचवायचा आहे. प्रोब खोल जात नाही, रक्त येत नाही, दाढ हलत नाही, यावरच समाधान मानायचं.

पुढच्या दाताची फट जवळपास मिटली. उरलेली किंचित फट दाताच्याच रंगाचं साहित्य लावून बुजवली.

दीड वर्षाच्या सुमाराला घरातल्या आजारपणामुळे दोन सफाया चुकल्या. आल्या तेव्हा रक्त १६ वरून ३४ टक्क्यांवर गेलं होतं, आणि २६ च्या मागे हिरडी सुजून पू साचला होता. पॉकेटच्या वाटेने पू काढला, मूळ खरवडलं, आठवड्यात सूज उतरली. खोली तिथे ५ वर होती ती पुन्हा ६ झाली आहे. ४६ आणि ३६-३७ मात्र जिथे होती तिथेच. मुलगा त्या दिवशी सोबत होता आणि त्याने पुन्हा विचारलं, ही दाढ आता काढायची का. हलत नव्हती, नस जिवंत होती, चावता येत होतं. नाही म्हटलं.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी. त्या वेळीही ६ मि.मी. आणि रक्त असेल, तर एक मार्ग उरतो : २६ चं रूट कॅनाल करून मागचं गालाकडचं मूळ कापून काढायचं, म्हणजे मागचा दुबेळकाच राहणार नाही आणि दाढ दोन मुळांवर उभी राहील. जुनी शस्त्रक्रिया आहे, इम्प्लांट आल्यापासून मागे पडली आहे, आणि नंतर उरलेल्या मुळाला तडा जाण्याचा धोका तिच्यात आहेच. बाईंना कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी चित्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, आधी तीन महिने ब्रश करून बघते, मग ठरवू.